जखमेवरची चांदी

मंडळी, मध्यंतरी माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. बारा वर्षांपासून साखर. अंगठ्याखाली, तळपायाला रुपयाएवढी जखम. बरोबरच्या मुलाने पिशवीतून रिकाम्या ट्यूब काढून टेबलावर मांडल्या. "डॉक्टर, नॅनो सिल्व्हर आहे. पाच महिने लावतोय, एका दिवसाचा खाडा नाही." जखमेत पू नव्हता, तिला वास नव्हता, आजूबाजूला लाली नव्हती. पण कडेची कातडीही पुढे सरकत नव्हती. त्या मुलाने आईची इतकी मनापासून सेवा केली होती, की "आता हे थांबवा" म्हणताना मला जड गेलं. का थांबवायचं, ते आज तुम्हाला सविस्तर सांगतो.

चांदी जंतूंना मारते हे काही नवं नाही. 1880 च्या सुमारास जर्मनीत प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी मुलांची दृष्टी वाचली. 1968 मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीन आणलं. भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम, ते हेच. नॅनो चांदीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या चांदीच्या, पट्ट्या त्यानंतर तीसेक वर्षांनी आल्या.

नॅनो केल्याने काय फरक पडतो? एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या, साधारण साडेदहा ग्रॅमचा. म्हणजे तोळाभरच. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. आता त्याच ठोकळ्याचे 10 नॅनोमीटरचे तुकडे केले, असं समजा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर, जवळजवळ सहा गुंठे! चांदीचे आयन, म्हणजे जंतूंना मारणारे विद्युतभारित अणू, सुटतात ते पृष्ठभागावरून. त्यामुळे तेवढ्याच चांदीचा मारा कितीतरी पटींनी वाढतो.

हा मारा नेमका कशावर होतो? घरातले पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकामुळे. चांदीला गंधकाची ओढच तशी आहे. जंतूंच्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. चांदी त्याला जाऊन चिकटते, प्रथिनं निकामी होतात, जंतू मरतो. पण तसंच गंधक आपल्या पेशींच्या प्रथिनांतही आहे. जखमेत आधी भक्षक पेशी येऊन घाण साफ करतात, मग तंतुपेशी कोलॅजन या प्रथिनाचं जाळं विणतात, तळाशी लाल दाणेदार मांस येतं आणि त्यावरून कडेची कातडी हळूहळू सरकत जाते. यातल्या तंतुपेशी आणि कातडीच्या पेशी कोवळ्या, विभागणाऱ्या. चांदी जास्त झाली की त्यांच्यातलं ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं रक्षण करणारं गंधकयुक्त द्रव्य, संपतं, ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया बिघडतात आणि पेशींचं विभाजन थांबतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2004 मध्ये हाँगकाँगमधल्या संशोधकांना काचेच्या बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशी चांदीमुळे मरताना दिसल्या. 2007 मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या गटाला उंदरांच्या जखमा नॅनो चांदीने लवकर भरताना दिसल्या, दाहही कमी झालेला. मला यात विरोध दिसत नाही. बशीत पेशी उघड्या पडलेल्या असतात. खऱ्या जखमेतल्या स्रावात प्रथिनं असतात, क्लोराइड असतं. ती बरीच चांदी अडवतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनी बसल्या आहेत म्हणून सांगतो, नॅनो चांदीची पट्टी सलाइनने नव्हे, निर्जंतुक पाण्याने ओली करायची ती याच कारणाने. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला आधीच बांधून टाकतं.

तेव्हा जखम स्राव गाळतेय, जंतू माजलेत, अशा वेळी चांदी उपयोगी. स्वच्छ, कमी स्रावाच्या जखमेत मात्र तिला अडवणारं फारसं काही नसतं, मारायला जंतूही फार नसतात. ब्रिटनमध्ये 2009 साली शिरांच्या बिघाडामुळे पायाला जखमा झालेल्या 213 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चांदीची पट्टी आणि साधी पट्टी, 12 आठवड्यांनी जखमा भरण्यात लक्षणीय फरक नव्हता. खर्च मात्र चांदीचा जास्त. 2012 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं, की चांदी दोन आठवडे वापरा आणि मग जखम पुन्हा नीट तपासा. जंतुसंसर्ग आटोक्यात आला असेल तर साध्या पट्टीवर या. मोठ्या भाजलेल्या भागावर तर जास्तच जपावं लागतं, कारण तिथून चांदी रक्तात जाते. 2006 मध्ये अशाच एका रुग्णाची कातडी करडी पडल्याची आणि यकृताची एन्झाइम्स वाढल्याची नोंद झाली. चांदीची पट्टी काढल्यावर एन्झाइम्स पुन्हा उतरली.

साधी पट्टी म्हटलं की लोकांना ती कमअस्सल वाटते, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली आणि 2003 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पान गुळगुळीत, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, ओल टिकवतं. ओलाव्याचं महत्त्व 1962 मध्येच जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं: झाकून ओल्या ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. आपल्याकडे अजूनही "जखमेला वारा लागू दे, सुकू दे" म्हणतात! घरी मात्र झाडावरचं पान तोडून लावू नका. ते निर्जंतुक नसतं.

मावशींचं काय झालं? जेल बंद केलं, साधी ओलसर पट्टी सुरू केली. पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो ठीक निघाला. खरी अडचण होती ती अंगठ्याखाली रोज पडणारा दाब. तो काढायला वेगळी पादत्राणं करून घेतली, साखरेचं औषध बदललं. तिसऱ्या आठवड्यात कडेला पातळ गुलाबी रेघ दिसली. मुलाने विचारलं, "आता परत सिल्व्हर लावू का, लवकर भरेल?" मी म्हटलं, पू आला, वास आला, लाली वाढली तर लगेच घेऊन ये; तेव्हा मीच लिहून देईन, दोन आठवड्यांपुरतं.