हाकेच्या अंतरावर

स्वारगेटहून निघालेल्या बसने आम्हाला सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीला सोडले, तेव्हा अजून उजाडले नव्हते. नोव्हेंबरचा महिना होता. आम्हा चौघांच्या पाठीवरच्या पिशव्या प्रत्येकी २० लिटरच्या होत्या आणि दोन दिवसांचा सगळा संसार त्यांतच होता. सिंहगडावरून राजगड आणि राजगडावरून तोरणा ही पुण्यातल्या भटक्यांच्या कित्येक पिढ्यांनी तुडवलेली वाट आहे. मुक्कामाचे सामान पाठीवर घेऊन ती सावकाश चालण्याचा प्रघात जुना आहे. आम्हाला मात्र ती चढावर झपाझप चालत आणि सपाटीवर व उतारावर हलके धावत दोन दिवसांत पूर्ण करायची होती. या प्रकाराला फास्टपॅकिंग म्हणतात. शर्यतीत धावणाऱ्याला वाटेवर पाणी आणि खाणे आयते मिळते, येथे ते आपले आपण वाहायचे असते. आणि वाहायचे तर थोडेच वाहता येते, कारण ओझे वाढले की धावणे संपते.

म्हणून या प्रवासाची खरी सुरुवात आदल्या रविवारी, सदाशिव पेठेतल्या एका घरात, काट्याला टांगलेल्या पिशव्यांपासून झाली. सर्वांत जड पिशवी ७ किलो ८०० ग्रॅम भरली. तिच्यातून स्टीलचा डबा निघाला, जाड टॉवेल निघाला, दुसरी पॉवर बँक निघाली. रात्रीचा मुक्काम गुंजवणे गावात एका घरी ठरलेला असल्यामुळे तंबू आणि शेगडी यांची गरज नव्हती. खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या घेतल्या. जी वस्तू चौघांत मिळून एक पुरेल ती एकच घ्यायची, असे ठरले: प्रथमोपचाराची एक पेटी, पाणी शुद्ध करणाऱ्या थेंबांची एक बाटली, एक नकाशा. अशा रीतीने प्रत्येक पिशवी चार किलोंवर आली. पाण्याचे वजन मात्र कोणालाही कमी करता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि सह्याद्रीच्या उघड्या धारेवर माणशी अडीच-तीन लिटर तरी जवळ हवेच.

या मार्गावर वेगाने जाता येते ते गडांवर पाणी आहे म्हणून, हे आम्हाला नकाशावर पाण्याच्या खुणा करताना उमगले. कातळ खोदून टाकी करणाऱ्या माणसांनी ज्या जागा निवडल्या, त्याच आमच्या बाटल्या भरण्याच्या जागा ठरल्या. सिंहगडावरचे देवटाके त्यांपैकी पहिले. पुण्यात मुक्काम असताना महात्मा गांधी याच टाक्याचे पाणी मागवून घेत, असे सांगितले जाते. तेथे बाटल्या भरून आम्ही कल्याण दरवाजातून उतरलो आणि नैर्ऋत्येकडे राजगडाच्या रोखाने निघालो. सरळ रेषेत राजगड येथून जेमतेम १५ किलोमीटर आहे, परंतु डोंगराच्या धारेला सरळ रेषा ठाऊक नसते.

पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत वाढलेले गवत नोव्हेंबरात वाळून वाटेवर आडवे पडते, आणि त्यावरून बूट असा सरकतो की उतार धावण्याचा राहत नाही. त्याच गवताची कुसळे मोज्यात शिरतात. कुसळाचे टोक एकाच दिशेने पुढे सरकते; पायाच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते आणखी आत जाते, आणि बाहेरून ओढले तर तुटते. दर अर्ध्या तासाने खाली बसून, मोजा उलटा करून, नखांनी एकेक कुसळ उपटणे हा या वाटेवरच्या वेळापत्रकाचाच भाग आहे.

त्या दिवशीची चूकही याच धारेवर घडली. आमच्यातील एकीच्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता आणि तो फुटला होता. प्रथमोपचाराची पेटी ज्याच्याकडे होती, तो आमच्यातील सर्वांत वेगवान गडी. त्या वेळी तो धारेच्या कितीतरी पुढे, विंझरकडे उतरणाऱ्या सोंडेपाशी आमची वाट पाहत बसला होता. मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही मारलेल्या हाका वाऱ्याने मागे ढकलल्या. मोजा दुमडून, त्यावर रुमाल बांधून ती चालत राहिली, आणि आम्ही तिघे त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ५० मिनिटे गेली. फोड आल्या आल्या चिकटपट्टी लावली असती, तर पाच मिनिटांत काम झाले असते. त्याच्या पळण्यात काही खोट नव्हती, खोट आमच्या वाटणीत होती. सामान चौघांत वाटून हलके केल्यावर चौघांनी चार ठिकाणी असून भागत नाही. तेथेच ठरले की पुढच्याने मागच्याच्या हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही आणि पेटी सर्वांत मागे चालणाऱ्याकडे राहील.

गुंजवण्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. घरच्या मावशींनी पिठले-भाकरी वाढली आणि पिशव्यांकडे पाहून विचारले, "एवढ्याशा पिशवीत तुमचं अंथरूण-पांघरूण कुठं मावलं गं?" ते मावलेच नव्हते. त्यांच्या घोंगड्या आमच्या अंगावर आल्या.

दुसऱ्या दिवशी चोर दरवाजाने राजगड चढलो. पद्मावती तळ्यावर ऊन आले होते. रायगडाआधी दोन दशकांहून अधिक काळ जी स्वराज्याची राजधानी होती, तिचा बालेकिल्ला डोक्यावर उभा असताना आम्ही वेळेअभावी तो टाळून संजीवनी माचीकडे वळलो. हा फास्टपॅकिंगचा खरा तोटा आहे, आणि तो मला अजूनही बोचतो. माचीच्या दुहेरी तटबंदीमधून मात्र कोणीही धावले नाही. आतला तट आणि बाहेरचा तट यांमधली ती अरुंद, खोल वाट हात भिंतीला लावतच चालावी.

अळू दरवाजातून बाहेर पडल्यावर तोरण्यापर्यंतची धार भरवशाच्या पाण्याविना आहे, म्हणून येथे पिशव्या पुन्हा सात किलोंच्या झाल्या. मध्ये धार डांबरी रस्त्याला भेटते. पुढे एका धनगराच्या घरी ताक मिळाले. प्रत्येकी दोन पेले. शेवटच्या चढावर लोखंडी शिडी आहे, आणि तिच्यापुढे बुधला माची. १,४०३ मीटर उंचीचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच गड आहे, याची साक्ष त्या चढावर मांड्यांनी दिली. मेंगाई देवीच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा चौघांच्या बाटल्यांत मिळून अर्धा लिटर पाणी उरले होते.

बिनी दरवाजाने उतरून वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर आम्ही चौघे एकदमच पोहोचलो. पेटी सर्वांत मागे चालणारीच्या पिशवीत होती. त्या दिवशी ती एकदाच उघडली, ती थांब्याच्या बाकावर बसून, कुसळे काढायला चिमटा हवा होता तेव्हा.