हेरखात्यातून न्यायासनावर

मंडळी, विषय ठरलाय इराणचे न्यायप्रमुख घोलाम हुसेन मोहसेनी एजेई यांच्या कारकिर्दीचा. न्यायाधीश म्हटल्याबरोबर तुमच्या मनात रामशास्त्री येऊन बसले असतील. त्यांना तासभर बाहेर थांबायला सांगा.

२००५ ते २००९ हे गृहस्थ गुप्तचर मंत्री होते आणि २०२१ मध्ये तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई यांनी त्यांना न्यायसंस्थेच्या प्रमुखपदी नेमलं, असं सांगितलं की लोक दचकतात. हेर न्यायाधीश कसा झाला, म्हणतात. मला वाटतं प्रश्नच उलटा आहे, न्यायाधीश हेर कसा झाला असं विचारा, पण तिकडे येण्याआधी १९९८ चा उन्हाळा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तेहरानचे महापौर होते घोलाम हुसेन करबास्ची. नाव अर्धं सारखं, घोटाळा करू नका. कामाचा माणूस. शहराच्या दक्षिणेचा कत्तलखाना हलवून तिथे सांस्कृतिक केंद्र उभं केलं, बागा केल्या, रस्ते केले. पैसा कुठून आणला? बिल्डरांना जादा मजले चढवू द्यायचे आणि त्याची रक्कम पालिकेने घ्यायची. हसताय कशाला, आपल्यालाही एफएसआय माहीत आहे! तर या माणसाने १९९७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुधारणावादी खातमींना मदत केली आणि पुढच्याच वर्षी गैरव्यवहाराच्या आरोपाखाली अटक झाली. खटला टीव्हीवर दाखवला. फ्रान्समध्ये विश्वचषक चालू, इराणने अमेरिकेला हरवलेलं, आणि तरी लोक रात्री जागून कोर्ट बघत होते.

न्यायासनावर एजेई. आता गंमत बघा. १९९४ च्या कायद्याने तिथली सरकारी वकिलांची कचेरीच बंद केली होती, ती २००२ मध्ये परत आली. म्हणजे तपास न्यायाधीशाचा, आरोप न्यायाधीशाचा, निकालही त्याचाच. करबास्ची वाद घालायचे, आवाज चढवायचे, आणि समोरचे काळी पगडीवाले नव्हेत, पांढरी पगडीवाले मौलवी एजेई त्यांना कागद दाखवत उलटतपासणी घ्यायचे. पाच वर्षांची शिक्षा झाली, अपिलात दोनवर आली. महापौर मात्र रातोरात घराघरात पोचले. (पगडीच्या रंगाचं पुन्हा कधीतरी. काळी सय्यदांची, म्हणजे पैगंबरांच्या वंशजांची, एवढं लक्षात ठेवा.)

२००४ मध्ये एका बैठकीत एजेईंनी आपल्याला चावा घेतल्याची तक्रार पत्रकार ईसा सहरखीझ यांनी जाहीरपणे केली होती. त्यावर मी भाष्य करत नाही, दातांचा विषय माझा नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुद्दा पटकन.

तिथे गुप्तचर मंत्री व्हायला कायद्याने मुज्तहिद, म्हणजे स्वतंत्र धर्मनिर्णय देऊ शकणारा विद्वान लागतो. न्यायप्रमुखालाही घटनेच्या १५७ व्या कलमाने तीच अट. एकाच दारातून दोन्हीकडे जाता येतं. पहिले गुप्तचर मंत्री रेशहरी आधी लष्करी क्रांती न्यायालयात होते, मंत्रिपदानंतर देशाचे महाअभियोक्ता, म्हणजे सर्वोच्च सरकारी वकील झाले. नंतरचे एक मंत्री दोर्री नजफाबादी, त्यांनी लेखक आणि विरोधकांच्या साखळी हत्यांच्या प्रकरणानंतर गुप्तचर मंत्रिपद सोडलं, तेही पुढे महाअभियोक्ता. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजादांनी एजेईंना मंत्रिमंडळातून काढलं, तर महिन्याभरात ते नजफाबादींच्याच खुर्चीत. नंतर न्यायसंस्थेचे उपप्रमुख, मग प्रमुख. बढती म्हणा, बदली म्हणा. माझ्या मते तर टेबल तेच, फक्त माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

त्याचा परिणाम आरोपीला कुठे जाणवतो? राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यात चौकशी गुप्तचर अधिकारी करतो आणि त्याचा अहवाल फाईलमध्ये आधी येतो. आणि फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या ४८ व्या कलमाखालच्या टिपेनुसार, तपास चालू असताना आरोपीला वकील निवडायचा तो मंजूर यादीतूनच. ती यादी मंजूर करायची न्यायसंस्थेच्या प्रमुखाने.