रायनरने हे का केलं? त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून

नमस्कार मंडळी! आधीच सांगते, आज ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या शेवटच्या सीझनमधल्याही गोष्टी उघड होणार आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर व्हिडिओ इथेच थांबवा आणि ती बघून मगच या. ही गोष्ट कोऱ्या मनाने बघण्याचं सुख एकदाच मिळतं, ते माझ्यामुळे जायला नको.

आहात अजून? मग बसा निवांत, कारण आज रायनर ब्राउनबद्दल बोलायचंय. चाहत्यांमध्ये ज्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, तो हा माणूस. कोणी म्हणतं तो गद्दार आहे, कोणी म्हणतं बिचारा आहे, कोणी म्हणतं मनाने दुभंगलेला रुग्ण आहे. मी तिन्ही बाजूंनी कधी ना कधी भांडले आहे. आता मात्र माझं मत ठाम झालंय.

या गोष्टीतली माणसं माणूसखाऊ राक्षसांच्या, म्हणजे टायटन्सच्या, भीतीने उंच भिंतींच्या आत राहतात; आणि काही मोजकी माणसं स्वतःच टायटन होऊ शकतात. सुरुवात भिंतीवरच्या त्या प्रसंगापासून. दुसऱ्या सीझनचा सहावा भाग, २०१७ साल. भिंतीला भोक कुठेच सापडलेलं नाही, सगळे सैनिक निघायच्या तयारीत आहेत. रायनरचा हात झोळीत आहे. तो मालिकेच्या नायकाला, एरेनला, बाजूला घेतो आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगतो, की पाच वर्षांपूर्वी आम्ही भिंतीवर हल्ला केला. मी आर्मर्ड टायटन, हा माझा साथीदार बर्टोल्ट कोलॉसल टायटन. इतकी मोठी गोष्ट, पण तिच्याआधी ना ढोल ना ताशे. मी तर तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला होता, मला वाटलं सबटायटल चुकलं.

‘हा ट्विस्ट ऐनवेळी घुसवला’ असं म्हणणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या सीझनमधली ५७वी मोहीम, म्हणजे सैनिकांची भिंतीबाहेरची स्वारी, परत बघा. फीमेल टायटन, म्हणजे रायनरचीच साथीदार ॲनी, एरेनला शोधतेय. रायनर अगदी सहज एरेनच्या मित्राला, आर्मिनला, विचारतो, एरेन मग असेल कुठे? आर्मिन अंदाज बांधतो: मध्यभागी, मागच्या बाजूला. थोड्याच वेळात रायनर तिच्या मुठीत सापडतो आणि पाती चालवत बाहेर निसटतो. आपण टाळ्या वाजवतो. आणि ती? ती आपल्या तळहाताकडे बघते, वळते आणि नेमकी त्याच दिशेने धावत सुटते. तळहातावर निरोप कोरून दिला होता! सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

पण ट्विस्ट बसला म्हणजे हेतू कळला असं नाही. खरा वाद तिथून पुढे सुरू होतो.

त्याच सीझनमध्ये, महावृक्षांच्या जंगलात, रायनर अचानक पुन्हा सैनिकासारखा बोलायला लागतो. आपण केवढी कामगिरी केली, आता बढती मिळायला हवी, वगैरे. एरेन चक्रावतो. तेव्हा त्यांच्याच तुकडीतली युमिर सांगते, की हा मुळात भिंत फोडणारा योद्धा. पण सैनिक म्हणून इतका जगला की मनाचा तोल सांभाळायला त्याने स्वतःचे दोन भाग केले. ‘दुभंगलेला रायनर’ ही सगळी मांडणी इथून आली.

त्यांच्याच तुकडीतल्या मार्कोच्या मरणाशी ती चपखल बसते, हे मी मान्य करते. मार्कोने रायनर आणि बर्टोल्टचं बोलणं ऐकलं, रायनरने त्याला दाबून धरलं, ॲनीला त्याचं हवेत झेपावायचं गिअर काढायला लावलं. आणि टायटन मार्कोला खायला लागल्यावर हाच रायनर रडत विचारतो, मार्कोला का खाल्लं जातंय? अंगावर काटा येतो तो प्रसंग बघताना.

तरीही मला वाटतं, युमिरला अर्धंच दिसलं. तिने दोन रायनर पाहिले: सैनिक आणि योद्धा. तिसरा पाहिलाच नाही, आणि त्या तिसऱ्याचं नाव मार्सेल.

शेवटच्या सीझनचा तिसरा भाग आठवा. या मुलांना भिंत फोडायला पाठवणारा देश म्हणजे मार्ले. त्या मार्लेच्या छावणीतला छोटा रायनर कशातच हुशार नाही. आई मार्लेत तुच्छ मानल्या जाणाऱ्या एल्डियन वंशाची, वडील मार्लेचे, आणि त्या बापाला हा मुलगा नकोय. मुलाला वाटतं, मी हीरो होऊन परत आलो तर आम्ही तिघं एकत्र राहू. मग मोहिमेतला त्याचा साथीदार मार्सेल त्याला खरं सांगतो, की आर्मर्ड टायटन तुला तुझ्या लायकीमुळे मिळालेला नाही. पॉर्को, म्हणजे आपला धाकटा भाऊ, निवडला जाऊ नये म्हणून मीच सैन्याकडे तुझी तारीफ केली. आणि दुसऱ्याच दिवशी एक टायटन मार्सेलला खाऊन टाकतो. तो टायटन म्हणजे युमिर. रायनरच्या मनाचं निदान जिने केलं, तिनेच ती जखम दिली होती.

ॲनी म्हणते, परत जाऊ. बर्टोल्टही हादरलेला आहे. परत जायचा रस्ता उघडा आहे. आणि रायनर म्हणतो, मार्सेल हवाय ना तुम्हाला, मग मी मार्सेल होतो.

एरेनसोबतच्या प्रशिक्षणात, १०४व्या तुकडीत, सगळ्यांना धीर देणारा, पोरांचा थोरला भाऊ असलेला तो रायनर आठवतोय? ते मार्सेलचं सोंग होतं. इतकं अंगात भिनलं की उतरेनाच. म्हणून ‘एक रायनर चांगला, एक वाईट’ हे मला पटत नाही. त्याच्यातला चांगुलपणाही त्या मोहिमेच्या कामासाठीच जन्माला आला होता आणि मग खरा होऊन बसला. भिंतीवर तो हेच ओरडतो, की अशी माणसं आहेत हे कळलंच नसतं तर मी असा अर्धवट झालो नसतो.

आता मार्लेतल्या लिबेरिओमधलं तळघर. पाचवा भाग, जानेवारी २०२१. एरेन समोर बसलाय. विचारतो, त्या दिवशी माझी आई का खाल्ली गेली? मग तोच रायनरसमोर पळवाटा ठेवतो. तू लहान होतास. भिंतीआड सैतान राहतात असंच तुला शिकवलं होतं. जग वाचवायचं होतं.

फिर्यादीच आरोपीचं वकीलपत्र घेतोय! आणि रायनर गुडघे टेकतो आणि म्हणतो, नाही एरेन, तसं नव्हतं. ते दोघं थांबायला तयार होते, मी पुढे रेटलं. मला हीरो व्हायचं होतं. कोणीतरी मला मान द्यावा, एवढंच.

‘मार्लेने पोरांचा मेंदू धुतला, त्यांचा काय दोष’ म्हणणाऱ्यांचं मला अर्धंच पटतं ते यामुळे. मार्लेचा गुन्हा आहेच, लहान मुलांना शस्त्र बनवलं त्यांनी. पण ॲनीवरही तेच संस्कार होते आणि ती परत जायला निघाली होती.

यावर एक हरकत येते आणि ती वजनदार आहे. ज्याने काही दिवसांपूर्वी बंदुकीची नळी तोंडात घातली होती, जो आत्ता ‘मला मरायचंय’ म्हणतोय, त्याची साक्ष खरी कशी धरायची? तो शिक्षा मागतोय, म्हणून दोष वाढवूनही सांगेल. मी यावर खूप विचार केला. पण तो जे सांगतो ते आपण दोन भाग आधी डोळ्यांनी पाहिलं आहे, शब्द न् शब्द जुळतो. तो वाढवत नाहीये.

एरेन त्याला हात देऊन उठवतो, म्हणतो मी तुझ्यासारखाच आहे, आणि त्याच क्षणी टायटन होतो. वरचं घर कोसळतं. तळघरात आणखी एक जण आहे, फाल्को. टायटनची शक्ती मिळालेला माणूस तेरा वर्षांत मरतो; मैत्रीण गाबीला तसं मरण येऊ नये म्हणून स्वतः आर्मर्ड टायटन व्हायला निघालेला पोरगा. मार्सेलने भावासाठी जे केलं, तेच हा गाबीसाठी करू पाहतोय.

मरण मागणारा रायनर त्या पोरावर स्वतःचं अंग टाकतो आणि त्याला वाचवतो. तिथे त्याला मान द्यायला कोणी नव्हतं.