पाव आट्याचा हिशोब

(दृश्य: सिल्लारीचा रस्ता, खाली तोंड केलेले दिवे)

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं वन, ठरला. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा इथले दिवे बदलले, उजेड जमिनीकडे वळला. अंधार तर राखला. पण आकाशाचा फोटो नीट यायचा तर दुर्बिणीचा आरसाही सरळ बसलेला लागतो, त्याचं कौतुक कुणाला नसतं.

(दृश्य: शाळेचं आवार, दुर्बीण)

जवळच्या एका शाळेतली ही आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून फोकसपर्यंतचं, १००० मिलिमीटर; आरशाच्या व्यासाच्या साधारण पाचपट, म्हणून एफ/५. असा आरसा ताऱ्याचा नेमका ठिपका देतो तो फक्त स्वतःच्या अक्षाजवळ. निर्दोष चित्राचा भाग जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. त्याबाहेर ताऱ्याला शेपूट फुटते, हा कोमा.

(दृश्य: पडद्यावर फोटो)

विद्यार्थिनी: "सर, इकडच्या ताऱ्याइले शेपूट आहे न, तिकडच्याइले नाही."

चारी कोपऱ्यांत सारखी असती तर तो आरशाचा स्वभाव. एकाच बाजूला जास्त, म्हणजे आरसा तिरपा.

(दृश्य: लॅपटॉप, किरणांच्या रेषा)

किती तिरपा, हे मुलांनी आधी पायथॉनमध्ये काढलं. शिकवणारे सर मराठीचे आहेत, हे मुद्दाम सांगतो. समांतर किरण सोडायचे, परावर्तनाचा नियम लावायचा, फोकसवर पडलेले ठिपके मोजायचे. मग आरसा थोडा कलवायचा, पुन्हा सोडायचे. आरशामागच्या तीन स्क्रूंपैकी एकाला पाव आटा, म्हणजे पाव फेरा, दिला, की आरशाची कड ०.२ मिलिमीटर सरकते. तेवढ्यानं निर्दोष भाग कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पावणेदोन मिलिमीटर ढळतो. म्हणजे फोटोचा मध्यच त्याच्या बाहेर! कच्च्या रस्त्यावरून दुर्बीण शेतात नेली, की एवढं सहज होतं.

(दृश्य: फोकसबाहेरचा तारा, स्क्रूवर हात. थोडा वेळ निवेदन नाही.)

तारा मुद्दाम फोकसबाहेर काढला की मेदूवड्यासारखा दिसतो. भोक एका अंगाला गेलं, की कुठला स्क्रू फिरवायचा ते कळतं.

(दृश्य: रुबिन वेधशाळेचं संग्रहित चित्रण)

चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा, एका फोटोत साडेतीन अंश आकाश. तिच्या कॅमेऱ्याच्या चार कोपऱ्यांतले सेन्सर मुद्दाम फोकसच्या थोडे पुढे-मागे बसवलेत. तेही असेच वडे बघतात, आणि त्यावरून दुय्यम आरसा नि कॅमेरा जागेवर आणले जातात. कोपरेच का? अनेक आरशांच्या दुर्बिणीत मधला तारा गोल आला, तरी कडेचे तारे लांबट राहू शकतात.

फोटोत लघुग्रहाची जागा आजूबाजूच्या ताऱ्यांवरून मोजतात. तारे लांबट असले, की ती चुकते, तेजही चुकतं.

(दृश्य: मुलं, लॅपटॉप)

मॉडेलमध्ये पुढचा आकडा थंडीचा: पहाटेपर्यंत नळी किती आकसते.