दुडकी

(पडद्यावर : फोनवर काढलेला हलता व्हिडिओ. पहाटेचं शिवाजी पार्क. दिव्यांचा पिवळा उजेड.)

हा व्हिडिओ एक मिनिट चौतीस सेकंदांचा आहे. माझ्या लेकीने काढलेला. पोटाशी ताणलेला निळा टी-शर्ट घालून गणेश मंदिराजवळून जो गृहस्थ निघतो, तो मी. वय ४४, वजन ९४ किलो. या दीड मिनिटात मी प्रत्यक्ष पळालोय बावन्न सेकंद. उरलेला वेळ कट्ट्यावर दोन्ही हात टेकून वाकलेला दिसतो, आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "बाबा, बंद करू का?"

(तोच व्हिडिओ, संथ गतीत.)

जरा हळू करून बघू. पहिल्याच पावलापासून मी कसा सुटलोय बघा. मुठी आवळलेल्या, खांदे कानाला लागलेले, दात दिसतायत. पळायचं म्हणजे असंच, हे मी शाळेत शिकलो होतो. पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजली की चुन्याच्या रेषेपर्यंत जीव तोडून सुटायचं. त्यानंतर पळालो ते फक्त दादरच्या जिन्यावरून, गाडी सुटत असताना. तीस वर्षांत पायांना दोनच वेग ठाऊक राहिले : रमतगमत चालणं, नाहीतर धूम ठोकणं.

(दादर चौपाटी. विसर्जनाच्या आधीची रिकामी वाळू, लाटा.)

हे खूळ डोक्यात शिरलं ते गणपतीत. आमचा घरचा दीड दिवसाचा गणपती. मूर्ती फूटभर उंचीची, शाडूची. घरापासून चौपाटी चालत दहा मिनिटं. दरवर्षी पाट मीच उचलतो. या वर्षी कॅडल रोड ओलांडेपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा धाकट्या भावाने काही न बोलता माझ्या हातातून पाट घेतला. "मोरया" म्हणायलाही माझ्याकडे श्वास नव्हता. तो काही बोलला असता, चेष्टा केली असती, तर विसरलो असतो. तो बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, एचबीए१सी, ६.१. मधुमेह ६.५ पासून धरतात, ५.७ च्या वर गेलात की उंबरठ्यावर. डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला, पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी घेतली आणि मगच पळायला हरकत नाही म्हणाले. चाळिशी ओलांडलेल्या, बरीच वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाने ही पायरी गाळू नये. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळीच तयारी सुरू झाली होती. दर दोन दिवसांनी कोणीतरी फौजा सिंग यांचा फोटो टाकायचं. एकोणनव्वदाव्या वर्षी पळायला लागले, २००० साली लंडन मॅरेथॉन पळाले. थोर माणूस. पण सकाळी साडेपाचला गजर बंद करताना फौजा सिंग उपयोगी पडत नाहीत, उलट लाज वाटून झोप लवकर लागते.

(शिवाजी पार्क. उजाडतंय. कट्ट्यावर बसलेली माणसं, क्रिकेटची जाळी, मल्लखांबाचे खांब.)

हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा नाव माहीम पार्क. शिवाजी पार्क हे नाव १९२७ चं, महापालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने दिलेलं. साधारण अठ्ठावीस एकरांचं मैदान आणि त्याला वेढणारा हा बुटका कट्टा. कट्ट्याकडेने एक पूर्ण फेरी म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटर. सभा, दसरा मेळावे, सहा डिसेंबरची गर्दी, क्रिकेट, सगळं इथे होतं. आणि रोज पहाटे मुंबईतल्या निम्म्या गुडघेदुख्या इथे फेऱ्या मारतात.

धूळही इथलीच. लाल मातीची. पावसाळा संपला की मोजे विटकरी होतात ते पुढच्या जूनपर्यंत. आजूबाजूच्या इमारतींतले लोक वर्षानुवर्षं तक्रार करतायत. मी त्यांच्याच बाजूचा आहे. फक्त आता ती धूळ उडवणाऱ्यांत माझेही पाय आहेत.

(पाठमोरे एक वृद्ध गृहस्थ, पांढरी हाफ पँट, अगदी संथ पळताना. चेहरा दिसत नाही.)

चौथ्या दिवशी हे काका मला मागे टाकून गेले. बेस्टमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या आसपासचे. पाय जमिनीपासून चार बोटं वर उचलतात की नाही, शंका यावी. मी त्यांच्या पुढून दणदणत गेलो, थोड्या अंतरावर धाप लागून थांबलो, ते शांतपणे पुढे गेले. मी पुन्हा सुटलो, पुन्हा थांबलो. तिसऱ्या खेपेला ते माझ्यापाशी आले आणि जागच्या जागी पाय हलवत म्हणाले, "अहो, कोण मागे लागलंय का तुमच्या?"

मी नुसताच हात हलवला. बोलता येत नव्हतं.

"बोलता येत नाही ना? मग पळू नका. माझ्याबरोबर या. दुडक्या चालीने."

दुडकी! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. घोड्याच्या चालींपैकी एक. चालण्याच्या पुढची, भरधावाच्या पुष्कळ अलीकडची. मराठीत माणूस संकटातून पळतो आणि कोणाच्या मदतीला धावतो. काहीच कारण नसताना, सकाळच्या वेळी, हळूहळू पळणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे सरळ क्रियापद नाही, म्हणून आपण जॉगिंग म्हणतो. पण दुडकी होती. लहान मूल नुकतं पळायला शिकतं तेव्हा आपण म्हणतोच की, दुडूदुडू पळतंय. पाऊल लहान, हात सैल, पडलं तरी लागत नाही इतका वेग.

त्या दिवशी काकांबरोबर मी अर्धी फेरी गेलो. त्यांनी मला माझं गाव, नोकरी, मुलं, सगळं विचारलं. उत्तरं द्यायला लावणं ही त्यांची युक्ती होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

(जुन्या पद्धतीच्या रेषाचित्रांतून : टेकडी, पळणाऱ्या माणसांचा घोळका.)

मग मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की या फजितीत मी एकटा नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. हेच लिडियार्ड ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन लोकांना सावकाश पळायला लावत. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. वय ५१. जन्म धावपटू घडवण्यात गेलेला. एका सकाळी लिडियार्ड त्यांना या मंडळींबरोबर टेकडीवर घेऊन गेले आणि बॉवरमन मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयाचे झटके सोसलेले एक आजोबा त्यांची दया येऊन मागे आले आणि गप्पा मारत त्यांच्यासोबत पळत राहिले. बॉवरमनना गप्पांत भाग घेण्याइतकाही दम उरला नव्हता.

ते घरी परतले आणि गावातल्या सामान्य लोकांना जॉगिंग शिकवू लागले. १९६४ मध्ये त्यांनी एका माजी विद्यार्थ्याबरोबर बुटांचा धंदा काढला. तीच कंपनी पुढे नाइकी झाली. म्हणजे आज दुकानात बारा हजारांचे बूट बघून आपल्याला घाम फुटतो, त्या धंद्यातल्या या माणसालाही एका आजोबांनी असंच मागे टाकलं होतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. बूट मी साडेतीन हजारांचे घेतले, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून.

(फोनचा पडदा. टायमर. साठ सेकंद.)

आराखडा मात्र दुसऱ्याचा घेतला. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये, आपल्या आईला पळायला लावावं म्हणून तयार केलेला. काउच टू फाइव्ह-के, म्हणजे सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटरपर्यंत. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. बस्स. साठ सेकंद! मला अपमान वाटला. पहिल्या दिवशी सहाव्या साठ सेकंदांना मी आकाशाकडे बघत होतो.

आपल्याकडे चालणं म्हणजे हार. "काय, दमलात?" असं कट्ट्यावरून कोणीतरी विचारतंच. पण खरं काम त्या नव्वद सेकंदांतच होतं. श्वास जागेवर येतो, म्हणून पुढचे साठ निघतात. वेगात सुटलं की स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू रक्तातून पोहोचत नाही आणि मिनिटाभरात खेळ खलास. सावकाश पळालं की हृदयाला भरून घ्यायला वेळ मिळतो. काही आठवड्यांत ते एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. काका "बोलत राहा" म्हणायचे त्याचं शास्त्र एवढंच.

(पायांचं जवळून दृश्य. नडगीवर बर्फाची पिशवी.)

तिसऱ्या आठवड्यात मी शहाणा झालो. दम पुरायला लागला होता, म्हणून वेग वाढवला, एक दिवस जास्तीचाही पळालो. चौथ्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या कडेने अशी कळ निघाली की जिना उतरताना कठडा धरावा लागला. घोळ असा आहे, की हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात; हाडं आणि स्नायूबंध फार सावकाश, त्यांना महिने लागतात. इंजिन नवं, चाकं जुनीच. प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. माझ्या बाबतीत जवळजवळ दोनशे किलो, एका वेळी एका पायावर, दोन्ही पाय मिळून मिनिटाला दीडशे वेळा. दहा दिवस घरी बसलो. त्यात दिवाळी आली. चकल्या, चिवडा, अनारसे. आठवडा तिसरा पुन्हा पहिल्यापासून.

आणखी काही गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. जाड माणसाच्या मांड्या घासतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. उपाय : निघण्याआधी खोबरेल तेल, भरपूर. सुती बनियन घालू नका, ते भिजून जड होतं आणि छातीवर खरवडतं. गल्लीतली कुत्री पळणाऱ्यावरच भुंकतात, चालणाऱ्यावर नाही; तेव्हा चालायला लागा.

आणि वजन. तीन महिन्यांत तीन किलो उतरलं, एवढंच. हिशेब सोपा आहे. एक किलोमीटर पळायला साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी जळतात. माझ्या दोन फेऱ्यांच्या सव्वादोनशे धरा. कोपऱ्यावरचा एक वडापाव त्याहून जड असतो. पळून आल्यावर भूक अशी लागते, की तो एकटा येतच नाही.

(जानेवारी. कॅडल रोड. रस्त्याकडेची गर्दी, टाळ्या, संत्र्याच्या फोडी.)

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आमच्या भागातून जाते. पहिली २००४ मध्ये झाली, ती तेवढी फेब्रुवारीत. इतकी वर्षं मी पुढचे आफ्रिकन धावपटू बघायचो, ते वाऱ्यासारखे गेले की घरी येऊन पोहे खायचो. या वर्षी थांबलो. ऊन वर आल्यावर जे येतात, त्यांना बघायला. मीठ वाळून पांढरे झालेले टी-शर्ट, एक खांदा पडलेला, थोडं चालणं, थोडं पळणं. एक बाई स्वतःशीच आकडे मोजत चालल्या होत्या. त्यांच्या पायांकडे बघितलं. दुडकी. चार बोटं वर, चार बोटं खाली. मी संत्र्याची फोड पुढे केली, त्यांनी न थांबता घेतली आणि "थँक यू, दादा" म्हणाल्या. म्हणजे बोलता येत होतं.

(रिकामा पडदा. फक्त पहाटेचे आवाज : कावळे, दूरवर बस, माती घासणारी पावलं.)

या आराखड्यात पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस बदनाम आहे. त्याआधीच्या दिवशी आठ मिनिटं पळून, मध्ये पाच मिनिटं चालून, पुन्हा आठ मिनिटं असतात. आणि एकदम पुढच्या खेपेला वीस. सलग. चालणं नाही. मी तो दिवस चार वेळा पुढे ढकलला होता.

मॅरेथॉननंतरचा मंगळवार. लेकीची प्रिलिम चालू होती, तिला उठवलं नाही. फोन खिशात, टायमर लावलेला. काका त्या दिवशी आले नव्हते. मग मी एकटाच बोलत राहिलो. पहिल्या फेरीत भावाशी, पाटावरून भांडलो. मनातल्या मनात नव्हे, तोंडाने. एका मावशींनी वळून बघितलं. पुतळ्यापाशी आलो. महाराजांच्या हातात इथे तलवार नाही, नुसता पुढे केलेला हात आहे. रोज त्याखालून जात असून मी ते पहिल्यांदा बघितलं, कारण पहिल्यांदाच माझी मान वर होती. दुसऱ्या फेरीत बे एके बे, मग तेराचा पाढा. तेरी सत्ते एक्क्याण्णवला अडखळलो तो हिशेबात, श्वासात नाही. टायमर वाजला तेव्हा मी मंदिराच्या थोडा अलीकडे होतो. म्हणून तिथपर्यंत गेलो.

त्याचं चित्रण नाही. म्हणून पडदा रिकामा आहे.

घरी येऊन लेकीला हलवून उठवलं. म्हटलं, "वीस मिनिटं. न थांबता."

तिने एक डोळा उघडला. "पुरावा?"

मोजे काढून तिच्यापुढे धरले. विटकरी.

"ई, बाबा!" म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

(शेवटचं दृश्य : गच्चीच्या दोरीवर वाळत घातलेले मोजे.)