मुंबई सोडा, पण गावाला जाऊ नका

(रत्नागिरीतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? ‘नाही’ म्हणून हात हलवताय, म्हणजे येतंय.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘उपनगरातून रत्नागिरीत स्थलांतर : आर्थिक बाजू’. ती सांगणारच आहे, जन्मभर हिशेब लिहिले, दुसरं येतंय काय मला. पण त्याआधी एक गोष्ट बरेच दिवस पोटात आहे, ती बोलून टाकते. समोर निम्मी मंडळी माझ्यासारखी बोरिवली, मुलुंड, डोंबिवली करून आलेली दिसतायत. उरलेली निम्मी इथली, आम्ही परत कधी जाणार ते बघायला आलेली.

माझं म्हणणं असं. मुंबई परवडत नसेल तर खुशाल सोडा. रत्नागिरीला या, चिपळूण बघा, कुडाळ बघा. फक्त गावच्या घरात राहायला जाऊ नका.

झालं, दुसऱ्या रांगेत कुजबुज सुरू. काका, आधी ऐकून तर घ्या.

आम्ही पार्ल्याचे. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नव्हती, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस ओळखीचा. ती पुनर्विकासाला गेली. नवी उभी राहिली ती पोडियम, तीन मजले पार्किंग, जिम आणि एक छोटं थिएटर घेऊन. थिएटरात मी आजवर फक्त सोसायटीची सभा पाहिली, तीही मारामारीचीच होती म्हणा. घर फुकटात नवं मिळालं म्हणून नातेवाइकांनी पेढे मागितले. पहिलं मेंटेनन्सचं बिल आलं ते मी ह्यांच्यापासून दोन दिवस लपवून ठेवलं. कागदावर आम्ही कोट्यधीश, आणि बाजारात कोथिंबिरीची जुडी उचलून परत ठेवणारे. खाजगी नोकरीतून निवृत्त झालेल्या पार्लेकरांची हीच गत आहे, फक्त कुणी बोलत नाही.

तेव्हा आमच्या ह्यांना गावचं घर दिसायला लागलं. सासर आमचं देवरुखजवळचं. हे म्हणाले, ओटीवर झोपाळा आहे, परसात फणस आहे, सकाळी गरम पेज खाऊन निवांत बसू. मी म्हटलं, “अहो, पेज कोण करणार?” म्हणाले, “त्यात करायचं काय असतं?”

हसताय. हसणाऱ्या सगळ्या बायका आहेत, याची नोंद घ्यावी.

गावचं घर म्हणजे मे महिन्यात आणि गणपतीत बघितलेलं घर. तेव्हा चुलत जावा असतात, पोरं असतात, पाण्याला चार हात असतात. ऑक्टोबरात जाऊन बघा. पंप जळलाय, वायरमनचा फोन लागत नाही, माकडांनी पपया खाऊन कौलं फोडलीत. कौलं परतायची तर सगळ्या हिस्सेदारांना विचारायचं, कारण असेसमेंट, म्हणजे घरपट्टीचा उतारा, अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. एक दीर अंधेरीला, एक बडोद्याला. दोघांचा खर्चाला नकार आणि आंब्यात वाटा. रात्री छातीत दुखलं तर गाडी कुणाची काढायची, इथपासून विचार.

जनगणना काय सांगते बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. वाढली नाही, घटली. सिंधुदुर्गचीही घटली. आणि २०११ला आपल्याकडे हजार पुरुषांमागे ११२२ बायका. का, ते तुम्हाला ठाऊक आहे, पुरुष मुंबईत. म्हणजे ही गावं पिढ्यानपिढ्या चालवली बायकांनी. शेती त्यांनी केली, गुरं त्यांनी सांभाळली, म्हाताऱ्यांचं त्यांनी केलं. आता साठी उलटल्यावर पुरुष ओटीवर विश्रांतीला येणार, आणि आत चुलीपाशी पुन्हा कोण? म्हणून मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, मी येईन ती रत्नागिरीपर्यंत. पुढे तुम्ही आणि झोपाळा.

मजा म्हणजे त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही घटला, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत. आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरगाव-परळची माणसं मुंबईतून निघाली, पण गावाला नाही गेली, डोंबिवली-बदलापूरला गेली. माणूस शहर सोडतो तो दुसऱ्या शहरासाठी. मी नवं काही सांगत नाहीये.

आमच्या वन्संना फोनवर सांगितलं, “आम्ही साउथला शिफ्ट होतोय.” त्या म्हणाल्या, “अगंबाई, बेंगळुरूला? मुलाकडे?” म्हटलं, नाही, अलीकडेच उतरतोय.

तसं रत्नागिरीत येऊन स्थायिक होणाऱ्यांत आम्ही काही पहिले नव्हे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे कैदेत आणून ठेवलं. राजवाडा मिळाला कधी, तर १९१०ला. चोवीस वर्षं ताबा नाही! पार्ल्यातल्या आमच्या बिल्डरचा मला तेव्हापासून राग येत नाही. आणि वाड्यात जाऊन सहा वर्षांत, १९१६ला, राजा गेलासुद्धा. तेव्हा वास्तुशांतीची फार वाट बघू नये.

आता सामान. हा भाग थोडा लांबेल, पण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सामान हलवणारी एक कंपनी ठरवली. नाव घेत नाही. जुलै महिना, कारण ह्यांच्या बहिणीने मुहूर्त काढला होता. घाटात दरड आली, ट्रक मागे फिरला, सामान पनवेलच्या गोदामात पडलं. दहा-बारा दिवसांनी आमच्या दारात ट्रक आला. दार उघडलं तर समोर ट्रेडमिल. मागून लहान मुलाची सायकल. मग ‘काच, सांभाळा’ लिहिलेलं खोकं, त्यात उशा. आणि माझा देव्हारा नाही. सागवानी, सासूबाईंचा, खाली दोन खण असलेला.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणे, “मॅडम, आपलं सामान पोचलेलं दाखवतंय.” म्हटलं, बाई गं, पोचलंय, पण माझं नाहीये. ती म्हणे, “मग आपण तक्रार नोंदवा, पण त्यासाठी सामान पोचलं नाही असं लिहावं लागेल.” म्हटलं, पोचलंय ना! हे असं आठवडाभर. शेवटी मी तिच्या लग्नाची चौकशी करायला लागले, इतकी ओळख झाली.

मग एक दिवस अनोळखी नंबर. एक बाई कोंकणीत, “तुमचो देव्हारो आमगेर आसा.” मडगावहून. आमचं विजेचं जुनं बिल खालच्या खणात होतं, त्यावर ह्यांनी कधीतरी नंबर लिहिलेला. देव मी स्वतः डब्यात घालून रेल्वेने मांडीवर आणले होते, म्हणजे देव्हारा रिकामा. तर ती बाई म्हणाली, रिकामा ठेवणं बरं दिसेना, म्हणून रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते. मला बोलता येईना. मग पुढे आम्ही अर्धा तास बोललो, सोलकढीत नारळ किती यावर थोडं भांडलोही.

कंपनीने अदलाबदलीचे वेगळे पैसे मागितले. त्या बाईने तिच्या ओळखीचा मुंबईला निघालेला टेम्पो गाठला आणि आम्ही देव्हारा हातखंब्याला उतरवून घेतला. सायकल परतीच्या फेरीत पाठवली. ट्रेडमिल तिने घेतलाच नाही, म्हणाली असू दे तुमच्याकडे. पावसाळाभर ह्यांचे पायजमे त्यावर वाळले. अजून आहे. कुणाला हवा असेल तर कार्यक्रमानंतर भेटा.

आणि जे सामान नीट पोचलं त्याचं काय झालं? पार्ल्याची प्लायवुडची कपाटं. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. ऑगस्टात दारं फुगली, एक उघडेना, एक लागेना. उघडलं तेव्हा ह्यांच्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी मखमल. लग्नातल्या शालूला डांबरगोळ्या घालून मी जन्म काढला, पण पट्टा कुणाच्या लक्षात येणार? तेव्हा सामान आणू नका. देव आणा, कागदपत्रं आणा, भांडी आणा. कपाट इथल्या सुताराकडून करून घ्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, आर्थिक बाजू अजून सुरूच झाली नाही! बरं, भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिलं, खाण्यात पैसे वाचतील हा भ्रम. भाजी घाटावरून येते. चांगली सुरमई मिरकरवाडा बंदरावरून बर्फात बसून मुंबईला जाते, जी उरते तिला इथेही मुंबईचा भाव. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुक्यावर. आंबा तर विचारूच नका. पैसे वाचतात ते घरात.

दुसरं, आल्या आल्या विकत घेऊ नका. एक पूर्ण पावसाळा भाड्याने राहा. गळती, नळाला पाणी किती वेळ, वीज किती जाते, सगळं जून ते सप्टेंबरात कळतं. मे महिन्यात घर दाखवणाऱ्या दलालाला सांगावं, जुलैत येते.

तिसरं, पार्ल्याचं घर ठेवायचं की विकायचं? समजा ३ कोटींचं आहे. मुंबईत भाडं सुटतं किमतीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिना ६२ हजार, त्यातून मेंटेनन्स जाणार. विकलं, इथे ६० लाखांचं घेतलं, कर वगैरे जाऊन २ कोटी उरले आणि साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १३ लाख. घराची किंमत वाढते म्हणणारे बरोबर आहेत, पण त्या वाढीने औषधाचं बिल भरता येत नाही.

चौथं, आणि हे कुणी सांगत नाही. विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायला दुसरं घर घ्यावं लागतं, पण जेवढी रक्कम त्या घरात घालाल तेवढ्यावरच सूट. इथलं घर स्वस्त, म्हणून सूटही छोटी. आणखी ५० लाखांपर्यंत ठरावीक बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत टाकता येतात, पाच वर्षं अडकतात. बाकीवर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, दोन्ही मांडून बघा. पुनर्विकासाच्या घरात खरेदीची तारीख कुठली धरायची, हे मात्र सीएला फी देऊन विचारा, शेजाऱ्याला नको.

पाचवं, शेतजमिनीच्या जाहिरातींना भुलू नका. शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर आपल्या राज्यात परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. बिनशेती झालेली आहे का ते कागद हातात घेऊन बघा. ‘होऊन जाईल’ हा कागद नव्हे.

सहावं, दवाखाना. घर बघताना समुद्र किती लांब हे विचारू नका, रुग्णालय किती लांब ते विचारा. मोठं काही झालं तर आंबा घाट चढून कोल्हापूर, म्हणून महिनाभराची औषधं घरात आणि एका ड्रायव्हरचा नंबर भिंतीवर.

शेवटचं, इथल्या लोकांच्या वतीने. आपण मुंबईचे पैसे घेऊन येतो आणि सांगितला भाव देऊन मोकळे होतो. मग इथल्या शाळेत शिकवणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या पोराला त्याच्याच शहरात वन बीएचके परवडत नाही, आणि तो मुंबईची गाडी पकडतो. तेव्हा घासाघीस करा, लाजू नका. आणि मतदार यादीतलं नाव पार्ल्यातून काढून इथे लावा, नाहीतर पाणी आलं नाही म्हणून नगरपरिषदेत ओरडायला कुठल्या तोंडाने जाणार?

अध्यक्ष उभेच राहिले. प्रश्न चहाबरोबर घेऊ. ट्रेडमिलचे आधी.