विंडोज मारायच्या आधी एकदा बघा, कॉम्प्युटर नक्की कुठं अडतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं बोलतोय. मागं पावसाचा आवाज येत असेल, त्याला इलाज नाही. खिडकी लावली की या खोलीत बसवत नाही.

आज बोलूया चालू होता होताच कोसळणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल. बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं, विंडोजच्या ठिपक्यांची चकरी दोनचार वेळा फिरली आणि खल्लास. परत पहिल्यापासनं. असं झालं की आपल्याकडं एकच औषध सांगतात, "विंडोज मारून घे." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. पाचशे रुपये द्या, संध्याकाळी न्या. डेस्कटॉपवरचे फोटो गेले? मग आधी सांगायचं होतं की!

मंगळवार पेठेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. खाली पिठाची गिरणी, वर घर. गिरणीच्या उधारीचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. त्यांचा कॉम्प्युटर रोज सकाळी चकरीवर मरायचा. दोनतीनदा चालू केला की चालायचा, मग दिवसभर तक्रार नाही. एका दुकानात दोनदा विंडोज मारून झालं. पहिल्या वेळी तीन महिन्यांची उधारी पुसली गेली. दुसऱ्या वेळी पुसायला काही उरलंच नव्हतं. दुखणं जसंच्या तसं. काका मला म्हणाले, "पोरा, ह्येला काय बाधा झालीया का बघ."

बाधेचं शेवटी सांगतो, कारण त्यात मी पण तोंडावर आपटलोय. आधी एक गोष्ट. काय बिघडलंय, हा प्रश्न पहिल्यांदा विचारूच नका. कुठं अडतंय, हे बघा. मशीन चालू होताना ठरलेल्या क्रमानं जातं. आधी वीज, मग रॅम आणि प्रोसेसरची तपासणी, मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, हार्ड डिस्क शोधतं, मग विंडोज उठतं, आपले ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, एकेक करून आत घेतं आणि शेवटी तुमचं नाव विचारतं. जिथं अडलं, त्याच्या अलीकडचं बहुतेक सगळं ठीक आहे. म्हणजे कंपनीचं चिन्हच येत नसेल तर विंडोज मारून काय होणार? त्याची पाळीच आलेली नाही.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा पंखा अर्धा गिरका घेऊन थांबतो? ते विजेचं. आधी भिंतीतला पॉइंट, केबल, एक्स्टेन्शन बोर्ड बघा. हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास कॅबिनेट उघडून बसलो होतो आणि बोर्डचं बटण बंद होतं.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी? किंवा बीप बीप असा आवाज? पहिला संशय रॅमवर. आपल्या पावसाळ्यात तर नक्कीच. जुलै-ऑगस्टमध्ये इथं कपडे आठवडाभर वाळत नाहीत, त्या हवेत रॅमच्या पट्टीचे दात काय स्वच्छ राहणार?

(रॅमची पट्टी कॅमेऱ्याजवळ)

हे बघा, खालची ही सोनेरी कड. खरंच सोन्याचा मुलामा असतो, पण इतका पातळ की गुजरीत नेलात तर सराफ चहासुद्धा विचारणार नाही. या कडेवर ओलसर हवेनं आणि धुळीनं थर बसतो आणि संपर्क तुटक होतो. प्लग काढा, प्लग काढल्यावर चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथंच सोडा. मग स्लॉटच्या दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढा आणि शाळेतला साधा खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं फिरवा. सँडपेपर नको. पाण्याचा फडका तर अजिबात नको. रबराचा चुरा झटका, पट्टी परत बसवा, दोन्हीकडं टक् आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालतं आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला. स्लॉट पण बदलून बघा, कधीकधी पट्टी चांगली असते आणि स्लॉट मेलेला असतो.

कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथंच थांबतं, किंवा बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोज असलेली डिस्क, सापडत नाही असं लिहून येतं, तर आधी घड्याळ बघा. तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षावर गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळजीकडंसुद्धा मिळतो. तो संपला की बायोस आपल्या सेटिंग विसरतं. डिस्क कुठल्या पद्धतीनं वाचायची हे पण विसरतं आणि मग विंडोज कोसळतं, आणि कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून गळा काढतं. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी लोकांनी हार्ड डिस्क बदललेल्या मी बघितल्यात. तारीख बरोबर असेल तर डिस्कची केबल दोन्ही टोकांनी काढून परत घट्ट बसवा.

आता खरा गुंता: चकरी फिरते आणि मशीन परत चालू होतं. इथं विंडोज एक चलाखी करतं. निळा पडदा आला तरी ते लगेच आपोआप रीस्टार्ट मारतं, त्यामुळं तुम्हाला काय लिहिलंय ते वाचायलाच मिळत नाही. म्हणून मोबाइल काढा आणि स्क्रीनचा व्हिडिओ घ्या. बटण दाबल्यापासनं मरेपर्यंत. नंतर थांबवत थांबवत बघा. यातनं दोन गोष्टी कळतात. निळा पडदा आला का नाही, आणि आला असेल तर खाली काय लिहिलं होतं.

निळा पडदा आला असेल तर तीन-चार वेळा असाच व्हिडिओ घ्या. दर वेळी तोच मजकूर आणि तेच फाइलचं नाव येत असेल तर बहुतेक ड्रायव्हर किंवा एखादं अपडेट. दर वेळी वेगळाच मजकूर, आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट', परवा तिसरंच, तर हार्डवेअरकडं वळा, पहिल्यांदा रॅमकडं. खोटं बोलणारा माणूस रोज नवीन कारण सांगतो, तसंच हे.

ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये शिरायचं, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर उठवायचं. पूर्वी एफ ८ दाबलं की व्हायचं, विंडोज ८ पासनं ते आपोआप चालत नाही. चकरी दिसली की पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथं ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग एक यादी येते. ४ दाबलं की सेफ मोड, ५ दाबलं की इंटरनेटसकट सेफ मोड. आणि ९ दाबलं की ते आपोआप रीस्टार्ट होणं बंद, म्हणजे निळा पडदा निवांत वाचता येतो. सेफ मोडमध्ये मशीन नीट उठलं, तर शेवटी काय घातलं होतं ते आठवा आणि काढा. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, नवीन अँटिव्हायरस, प्रिंटरबरोबर आलेलं काहीतरी. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर त्याच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये अपडेट काढायची सोय आहे.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल उडवा, रीस्टार्ट करा. फॉरमॅट नाही.

एक धोक्याची सूचना. लॅपटॉप नवा असेल तर सेफ मोडला जाताना तो ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे कुलूप लावलेली डिस्क उघडायचा आकडा, मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन चांगलं असतानाच ती बघून वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये नको, वहीत.

आणि काहीही करायच्या आधी माल बाहेर काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरनं बिघडलेलं मशीन चालू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. तुमची डिस्क तिथं दिसते, फोटो, हिशेब, सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. डिस्कमधनं टक टक आवाज येत असेल तर मात्र दुरुस्तीचे प्रयोग बंद, आधी हेच. हे काकांच्या दुकानदारानं केलं असतं तर तीन महिन्यांची उधारी वाचली असती.

पुरात भिजलेलं मशीन हा वेगळा विषय आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर लोकांनी 'बघू चालतंय का' म्हणून ओल्या कॅबिनेटला वीज दिली आणि वाचलं असतं ते पण जाळलं. त्यावर स्वतंत्र बोलेन.

तर काका.

मी गेलो तो दिवस सोमवार. रॅम काढली, खोडरबर मारला, बसवली. दहा वेळा चालू-बंद केलं, दहाही वेळा व्यवस्थित. काकूंनी कांदापोहे दिले, मी 'किरकोळ होतं हो' असं म्हणून छाती काढून घरी आलो. मंगळवारी सकाळी सव्वाआठला फोन. "अरं, परत तसंच करालंय बघ."

परत गेलो. या वेळी व्हिडिओ घेतला. निळा पडदा नाहीच. चकरी फिरता फिरता स्क्रीन थेट काळी, वायर उपटल्यासारखी. मग मशीन उठल्यावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. तिथं कर्नल पॉवर, इव्हेंट ४१, रोज सकाळची ओळ. त्याच्या तपशिलात बगचेककोड, म्हणजे निळ्या पडद्याचा क्रमांक, शून्य. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं. पण शून्य म्हणजे विंडोजला निळा पडदा काढायला पण वेळ मिळाला नाही, आणि तेव्हा विजेवर संशय घ्यायचा. हे मी सोमवारीच बघायला पाहिजे होतं.

मी काकूंना म्हटलं, सकाळी वीज जाते का? त्या म्हणाल्या, "जात न्हाई. पर गिरणी सुरू झाली की आमचा दिवा डोळा मारतोय." आणि सोमवारी गिरणी बंद असते!

काकांचा रोजचा शिरस्ता असा: वर कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, जिना उतरायचा, गिरणीचा स्टार्टर दाबायचा. तेवढ्यात वर चकरी फिरायला लागलेली असते. मोटर उठताना काही क्षण आपल्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा घरातलं व्होल्टेज खाली बसतं. एकदा मोटर फिरायला लागली की सगळं शांत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कॉम्प्युटर उठायचा.

पण दिवा नुसता डोळा मारतो, कॉम्प्युटर का मरतो? आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. चांगल्या एसएमपीएसनं, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यानं, पूर्ण वीज गेली तरी साधारण १६-१७ मिलिसेकंद आतल्या साठ्यावर मशीन धरून ठेवायचं असतं, आणि नुसतं व्होल्टेज उतरलं तर त्याला काही वाटत पण नाही. अनेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठंही चालतात. काकांचा साठा म्हातारा झाला होता. वीज साठवणारे आतले कपॅसिटर दमले की असंच होतं.

खात्री केली. गिरणी आधी, कॉम्प्युटर नंतर: ठीक. कॉम्प्युटर आधी, चकरी फिरताना खालनं स्टार्टर: काळी स्क्रीन. परत एकदा: काळी. मग माझ्या घरचा एसएमपीएस नेऊन लावला आणि काकांना खाली ओरडलो, "दाबा!" दिव्यानं डोळा मारला, कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. काकांनी नवा एसएमपीएस आणि एक छोटा यूपीएस घेतला. त्याला आता पाच महिने झाले.

तुम्हाला घरी हे करायचं असेल तर बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर बघा. १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली गेली तर एसएमपीएसवर संशय घ्या. मात्र तिथला आकडा निवांत वेळेचा असतो, काकांचा तिथं अगदी साळसूद दिसत होता. खरी परीक्षा दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस लावूनच. आणि तो डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही वेळ साठून राहते.

(जुना एसएमपीएस टेबलावर, पंख्याची जाळी कॅमेऱ्याकडं)

हाच तो. हा पांढरट लेप दिसतोय? गिरणीचं पीठ, पावसाळी हवेत भिजून पंख्याच्या पात्यांवर बसलेलं. मी काढून दाखवला तेव्हा काकूंनी नखानं थोडं खरवडलं, चिमटीत चोळून बघितलं आणि काकांकडं वळून म्हणाल्या, "शाळूचं हाय."